'निओशो': कोरल समुद्रातले तेलवाहू जहाज

दुसरे महायुद्ध सुरू होते. ७ मे १९४२ रोजी सकाळी जपानी टेहळणी विमानांनी ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येकडील कोरल समुद्रातून कळवले की खाली एक विमानवाहू नौका आणि एक क्रूझर दिसत आहे. प्रत्यक्षात ते होते अमेरिकी नौदलाचे तेलवाहू जहाज 'निओशो' आणि त्याच्या सोबतीची विनाशिका 'सिम्स'.

'निओशो' ऑगस्ट १९३९ मध्ये नौदलात दाखल झाली. ती सुमारे १८ नॉट वेगाने धावे, म्हणून ताफ्याबरोबर राहून भर समुद्रात युद्धनौकांना तेल देऊ शके. डिसेंबर १९४१ मध्ये हवाईतल्या पर्ल हार्बर या अमेरिकी नौदल तळावर जपानी हल्ला झाला तेव्हा ती तिथल्या फोर्ड बेटाच्या धक्क्याला, युद्धनौकांच्या रांगेतच उभी होती. विमानांचे पेट्रोल नुकतेच उतरवलेले. अशा टाक्यांत उरलेली वाफ एका ठिणगीनेही पेटते. कप्तान जॉन फिलिप्स यांनी बॉम्बवर्षावातच जहाज मागे काढून सुरक्षित जागी नेले.

पाच महिन्यांनी नशीब फिरले. ६ मे रोजी 'यॉर्कटाउन' या अमेरिकी विमानवाहू नौकेला तेल देऊन 'निओशो' दक्षिणेकडे वळली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी जपानी डाइव्ह बॉम्बर (सूर मारून बॉम्ब टाकणारी विमाने) तिच्यावर तुटून पडले. 'सिम्स' बुडाली. 'निओशो'वर ७ बॉम्ब आदळले, एक विमानही कोसळले. जपान्यांची ही विमाने इकडे गुंतली असताना अमेरिकी विमानांनी 'शोहो' ही जपानी विमानवाहू नौका बुडवली. या तेलवाहू जहाजाने नकळत केवढा भार झेलला, ते इथे दिसते.

ऑस्कर पीटरसन हे बॉयलर विभागातले खलाशी. स्वतः जखमी असताना, भाजण्याची पर्वा न करता त्यांनी वाफेचे मुख्य व्हॉल्व्ह बंद केले. त्या भाजण्यामुळेच पुढे त्यांचा मृत्यू झाला. मरणोत्तर मेडल ऑफ ऑनर हा अमेरिकेचा सर्वोच्च लष्करी सन्मान मिळाला.

जहाज पेटलेले, कललेले, पण तरंगत राहिले. सगळ्यात जीवघेणी ठरली ती नकाशावरची चूक. बिनतारी संदेशात कळवलेले ठिकाण चुकीचे होते, त्यामुळे शोध भलतीकडेच सुरू झाला. ११ मे रोजी 'हेन्ली' विनाशिकेने १२३ जणांना उतरवून घेतले आणि 'निओशो'ला स्वतःच बुडवले.

पण हल्ल्याच्या गोंधळात काही जण आधीच तराफ्यांवर उतरून वाहत गेले होते. एकमेकांना बांधलेल्या तराफ्यांवर ते ६८ जण होते. नऊ-दहा दिवसांनी 'हेल्म' विनाशिकेला ते सापडले, तेव्हा त्यांतले फक्त ४ जिवंत होते.