लघुव्यवसाय, ब्लॉग व समाजमाध्यमे

थोडे मनुष्यबळ आणि बेताचे भांडवल असलेल्या व्यवसायाने ग्राहक मिळवण्यासाठी, टिकवण्यासाठी आणि त्यांच्या ओळखीतून नवे ग्राहक जोडण्यासाठी स्वतःच्या ब्लॉगचा व समाजमाध्यमांवरील खात्यांचा केलेला नियमित वापर. यात जाहिरातीची जागा विकत घेण्याऐवजी व्यावसायिक स्वतःच मजकूर, छायाचित्रे वा चित्रफिती प्रसिद्ध करतो आणि वाचणाऱ्याशी थेट बोलतो. विपणनाच्या पाठ्यपुस्तकांत हा विषय बहुधा आशय-विपणन किंवा डिजिटल विपणन या सदराखाली येतो. ‘लघु’ कोणाला म्हणायचे याची सर्वमान्य मर्यादा नाही. युरोपीय संघाच्या २००३ च्या शिफारशीत ५० पेक्षा कमी कर्मचारी असलेला उद्योग लघु आणि १० पेक्षा कमी असलेला सूक्ष्म धरला आहे; उलाढालीच्या अटी त्याशिवाय आहेत. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः दुसऱ्या गटाचा विचार केला आहे, म्हणजे जेथे काम करणारा, गिऱ्हाइकाचा फोन उचलणारा आणि ब्लॉग लिहिणारा माणूस बहुधा एकच असतो.

संज्ञा : ‘ब्लॉग’ हे ‘वेबलॉग’चे लघुरूप. ‘वेबलॉग’ हा शब्द जॉर्न बार्जर या अमेरिकन लेखकाने १७ डिसेंबर १९९७ रोजी आपल्या ‘रोबॉट विज्डम’ या संकेतस्थळाच्या संदर्भात योजला, याबद्दल फारसे दुमत नाही. पीटर मेरहोल्झ याने १९९९ च्या एप्रिल किंवा मे महिन्यात गमतीने त्याची ‘वी ब्लॉग’ अशी फोड करून ती आपल्या पानाच्या कडेला लावली. पुढे ‘वी’ गळाला आणि ‘ब्लॉग’ उरला. वस्तू मात्र शब्दाहून जुनी आहे. जस्टिन हॉल हा अमेरिकन विद्यार्थी १९९४ पासूनच अशा प्रकारचे व्यक्तिगत लेखन महाजालावर करत होता. मराठीत ‘अनुदिनी’ आणि ‘जालनिशी’ असे दोन पर्याय रूढ करण्याचा प्रयत्न झाला. पहिल्यात रोज लिहिण्याचा भाव आहे. धंदा सांभाळून रोज लिहिणारा विरळा, म्हणून येथे ‘ब्लॉग’ हाच शब्द ठेवला आहे.

‘सोशल मीडिया’ या संज्ञेचे जनकत्व यापेक्षा बरेच वादग्रस्त आहे. डॅरेल बेरी याच्या म्हणण्याप्रमाणे १९९४ च्या अखेरीस टोकिओत ‘मातीस’ नावाचे ऑनलाइन माध्यम उभारताना त्याने ती वापरली. अमेरिका ऑनलाइन या कंपनीतील अधिकारी टेड लिओन्सिस याच्या १९९७ मधील एका विधानात ती आढळते. लोकांना करमणूक, संवाद व सहभाग यांसाठी एकत्र जागा हवी, असा त्याचा आशय होता. टिना शार्की हिनेही श्रेयावर हक्क सांगितला असून त्या नावाचा जालपत्ता (डोमेन) तिने १९९९ मध्ये नोंदवला होता. तिन्ही दाव्यांची चर्चा २०१० च्या सुमारास झाली, म्हणजे संज्ञेला किंमत आल्यानंतर; त्यामुळे आठवणींवर आधारलेल्या दाव्यांपेक्षा त्या काळातील नोंदलेल्या वापराला अधिक वजन देणे युक्त ठरेल. एकच संज्ञा दोनतीन ठिकाणी स्वतंत्रपणे सुचली असावी, असे मानण्यासही जागा आहे. आजच्या अर्थाने ती सर्वतोमुखी झाली ती २००४ नंतर, ‘वेब २.०’ (वाचकांनाच मजकूर घालू देणारे महाजाल) या कल्पनेच्या आगेमागे.

व्याख्यांमध्येही दोन प्रवाह दिसतात. डॅना बॉइड व निकोल एलिसन यांनी २००७ मध्ये सामाजिक जाळ्यांच्या संकेतस्थळांची तीन लक्षणे सांगितली : सदस्याची स्वतःची ओळख देणारे पान, त्याच्या संबंधितांची यादी, आणि ती यादी धरून इतरांच्या याद्यांपर्यंत फिरता येण्याची सोय. आंद्रेआस काप्लान व मिखाएल हेनलाइन यांनी २०१० मध्ये केलेली समाजमाध्यमांची व्याख्या व्यापक आहे. सदस्यांनी निर्मिलेल्या आशयाची देवघेव करू देणारी सर्व साधने तिच्यात येतात. त्यांच्या सहा प्रकारांत ब्लॉगही आहे आणि सहकार्याने लिहिले जाणारे ज्ञानकोशही. ही दुसरी व्याख्या अधिक उद्धृत होते, पण लघुव्यवसायाच्या संदर्भात पहिली अधिक उपयोगी पडते. मजकूर ओळखीच्या साखळीने पसरतो की शोधयंत्रातून वाचकाला सापडतो, हा फरक तीत राखला जातो. पुढील विवेचन याच भेदावर आधारलेले आहे.

पूर्वपीठिका : ग्राहकाला आधी उपयोगी माहिती द्यावी, विक्री मागाहून, ही युक्ती महाजालाच्या कितीतरी आधीची. शेतीची अवजारे बनवणाऱ्या जॉन डिअर कंपनीचे ‘द फरो’ हे नियतकालिक (१८९५) आणि टायर बनवणाऱ्या मिशलँचे प्रवासमार्गदर्शक (१९००) ही नेहमीची उदाहरणे. काही लेखक हा उगम बेंजामिन फ्रँकलिनच्या १७३२ मधील पंचांगवजा वार्षिकापर्यंत मागे नेतात. ते मत ग्राह्य वाटत नाही. ते वार्षिक हाच विक्रीचा माल होता, दुसऱ्या मालाची वाट मोकळी करण्याचे साधन नव्हे. शिवाय डिअर आणि मिशलँ यांच्याजवळ छपाईला व वाटपाला पैसा होता. लहान व्यावसायिकाची अडचण नेमकी तीच होती. पायरा लॅब्जचे ‘ब्लॉगर’ (ऑगस्ट १९९९, २००३ मध्ये गूगलकडे) आणि मॅट मुलेनवेग व माइक लिटल यांचे ‘वर्डप्रेस’ (२७ मे २००३) या ब्लॉग लिहिण्याच्या फुकट साधनांनी ती दूर केली : छपाई फुकट झाली आणि संकेतस्थळ बदलण्यासाठी प्रत्येक वेळी जाणकाराला बोलवावे लागेनासे झाले.

लहान व्यवसायाच्या ब्लॉगची दोन उदाहरणे वारंवार दिली जातात. मापाच्या कपड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या लंडनच्या सॅव्हिल रो या रस्त्याच्या परंपरेतील शिंपी टॉमस मॅहन याने २००५ च्या आरंभी ह्यू मॅक्लाउड याच्या सल्ल्याने ‘इंग्लिश कट’ हा ब्लॉग सुरू केला. मापाचे कपडे कसे बेततात व शिवतात हे खुद्द कारागिराच्या तोंडून तेथे ऐकायला मिळे. दुसरे उदाहरण अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात पोहण्याचे तलाव बांधून देणाऱ्या मार्कस शेरिडन याचे. २००८ च्या मंदीत मागणी आटल्यावर त्याने ग्राहकांनी आजवर विचारलेल्या प्रश्नांना एकेक करून लेखी उत्तरे द्यायला सुरुवात केली. त्यांतील सर्वाधिक गाजलेला लेख तलावाच्या खर्चाविषयीचा होता. हा प्रश्न प्रत्येक ग्राहक पहिल्यांदा विचारतो आणि त्याचे उत्तर विक्रेते शेवटपर्यंत लांबवतात. दोन्ही कथा खऱ्या असल्या तरी त्या यशस्वी झालेल्यांच्या आहेत, आणि सांगणारेही नि:पक्ष नाहीत : मॅक्लाउडचा व्यवसाय विपणनाशी निगडित होता आणि शेरिडन पुढे सल्लागार झाला. तितकेच लिहून ज्यांना काही मिळाले नाही त्यांच्या कथा छापल्या जात नाहीत.

कार्यपद्धती : ब्लॉगवरील लेखाला वाचक मिळतो तो मुख्यतः शोधयंत्राकडून, आणि तोही प्रश्न घेऊन आलेला. घड्याळे दुरुस्त करणाऱ्या एखाद्या कारागिराला लोक पुन्हापुन्हा विचारतात, ‘घड्याळात पाणी गेले, आता काय करू?’ उत्तर त्याला तोंडपाठ असते : चालू करून पाहू नका, कळ फिरवू नका, गरम हवेने वाळवू नका, गंज धरण्याआधी उघडून घ्या. हे तो एकदा नीट लिहून काढतो आणि मथळा देतो तो गिऱ्हाइकाच्याच शब्दांत, ‘घड्याळात पाणी गेले तर’. ‘आमच्या सेवा’ या मथळ्याखाली तेच लिहिले तर ते कोणी शोधणार नाही. या लेखाला पहिल्या आठवड्यात दहा वाचक मिळाले तरी बिघडत नाही. पाणी घड्याळात पुढच्या वर्षीही जाणार असते. पुढचा फोन आला की कारागीर लेखाचा दुवा पाठवून देतो आणि हातातले काम चालू ठेवतो. हा दुसरा उपयोग पाठ्यपुस्तकांत क्वचितच सांगितलेला दिसतो. प्रत्यक्षात कित्येकांना तोच आधी जाणवतो.

शोधयंत्राला खूश करण्यासाठी शब्दांची भरताड करण्याचा एक काळ होता. टिप्पण्यांमधून दुवे पेरण्याला आळा घालण्यासाठी जानेवारी २००५ मध्ये ‘नोफॉलो’ ही, दुवा क्रमवारीसाठी मोजू नये असे शोधयंत्राला सांगणारी खूण आली, आणि फेब्रुवारी २०११ मधील ‘पांडा’ या बदलाने निकृष्ट मजकुराची पाने गूगलने मागे ढकलली. मार्च २०२४ च्या धोरणात केवळ क्रमवारीसाठी घाऊक प्रमाणात तयार केलेला मजकूर, मग तो माणसाने लिहिलेला असो वा यंत्राने, गैरवापरात धरला आहे. कारागिराचा वरचा लेख या तिन्हींच्या कचाट्यात सापडत नाही.

त्याच कारागिराने गंजलेल्या चक्राचे आणि साफ केलेल्या चक्राचे छायाचित्र शेजारीशेजारी ठेवून इन्स्टाग्रामवर टाकले, तर घडते ते निराळे. पाहणाऱ्याला त्या क्षणी घड्याळ दुरुस्त करायचे नसते. तो चित्र पाहतो, फार तर मित्राला पाठवतो. दोन दिवसांत ते मागे पडते. पण असे वर्षभर दिसत राहिलेले नाव, घड्याळ खरोखर बंद पडले की, आठवते. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये मांडलेला विचार येथे लागू पडतो : नवी माहिती जिवलगांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून अधिक दूर पोहोचते, कारण जिवलगांचे वर्तुळ एकच असते. समाजमाध्यमे ही तोंडओळख जिवंत ठेवण्याची स्वस्त सोय होय.

मात्र काय दिसावे हे माध्यम ठरवते. फेसबुकने व्यवसायांसाठी ‘पेज’ची सोय नोव्हेंबर २००७ मध्ये दिली, अनेकांनी कष्टाने अनुयायी जमवले आणि काही वर्षांत त्यांतल्या थोड्यांनाच मजकूर पोहोचू लागला. कंपनीच्या वतीने ब्रायन बोलंड याने जून २०१४ मध्ये दिलेले स्पष्टीकरण असे : सदस्य एकदा डोकावतो तेव्हा सरासरी १,५०० मजकूर त्याच्यासमोर येण्याजोगे असतात, त्यांतून सुमारे ३०० निवडले जातात. जाहिराती विकण्यासाठी हे केले, हा आरोप कंपनीने नाकारला. जानेवारी २०१८ मध्ये आप्तमित्रांच्या मजकुराला प्राधान्य जाहीर झाल्यावर पेजचा वाटा आणखी घटला. इन्स्टाग्रामनेही २०१६ मध्ये कालक्रम सोडून निवडीची वाट धरली. तेथे मजकुरातला दुवा दाबताही येत नाही, म्हणून ‘दुवा बायोमध्ये’ (म्हणजे खात्याच्या परिचयात) हा वाक्प्रचार जन्मला.

परिणामाचा पुरावा : या बाबतीत ठोस संशोधन बेताचे असून बरेचसे आकडे साधने विकणाऱ्यांनीच प्रसिद्ध केलेले आहेत. त्यांना वगळल्यास मायकेल लूका या अर्थशास्त्रज्ञाचा २०११ चा निबंध महत्त्वाचा. सिअ‍ॅटलमधील उपाहारगृहांच्या महसुलाची नोंद व ‘येल्प’ या अभिप्रायांच्या संकेतस्थळावरील अभिप्राय यांची सांगड घालून, एका ताऱ्याच्या वाढीने महसूल ५ ते ९ टक्क्यांनी वाढतो, असा निष्कर्ष त्याने काढला. हा परिणाम स्वतंत्र उपाहारगृहांत दिसला, साखळी उपाहारगृहांत नाही. साखळीचे नाव आधीच माहीत असते; अनोळखी लहान व्यवसायाबाबतची साशंकता इतरांचे अभिप्राय कमी करतात. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफने १९७० मध्ये दाखवलेली, विक्रेत्याला माहीत आणि ग्राहकाला अज्ञात अशी दर्जाची दरी ती हीच. एक सावधगिरी मात्र बाळगायला हवी. लूकाचा पुरावा ग्राहकांनी लिहिलेल्या मजकुराचा आहे, मालकाने लिहिलेल्या नव्हे, आणि लोकप्रिय लेखनात तो सर्रास मालकाच्या मजकुरासाठी वापरलेला आढळतो.

पसंत्या व अनुयायी मोजणे सोपे असल्याने तेच मोजले जातात. लहान व्यवसायाला अद्यापही सर्वांत विश्वासार्ह मोजमाप म्हणजे नव्या ग्राहकाला ‘आमच्याबद्दल कोठे कळले?’ असे विचारून वहीत लिहून ठेवणे.

मालकीचा प्रश्न : समाजमाध्यमावरील खाते हे भाड्याचे घर, ही उपमा घासून गुळगुळीत झाली असली तरी चुकीची नाही. जिओसिटीज (अमेरिकेत ऑक्टोबर २००९), व्हाइन (जानेवारी २०१७) आणि सर्वसामान्यांसाठीचे गूगल प्लस (एप्रिल २०१९) ही माध्यमे बंद झाली. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सअ‍ॅप सुमारे सहा तास एकदम ठप्प झाली, तेव्हा केवळ त्यांच्यावर मागणी घेणाऱ्यांकडे ग्राहकाशी बोलायला दुसरे साधनच उरले नाही. ‘ब्लॉग मात्र स्वतःचा’ हे त्यापुढचे विधान अर्धेच खरे आहे : फुकट सेवेवरचा ब्लॉगही परक्याच्याच जागेत असतो. खऱ्या अर्थाने सोबत नेता येते ते स्वतःच्या नावाने नोंदवलेला जालपत्ता, मजकुराची प्रत आणि संमतीने घेतलेली ईमेलची यादी. मूळ मजकूर आधी स्वतःच्या स्थळावर, नंतर त्याच्या प्रती माध्यमांवर, हा, स्वतःच्या मालकीच्या स्थळांचा आग्रह धरणाऱ्या इंडीवेब चळवळीने पुरस्कारलेला क्रम एकट्याने काम करणाऱ्यालाही झेपण्याजोगा आहे. उलट क्रमात जुने लेखन शोधून परत मिळवणे जिकिरीचे होते.

कायदा : मोबदला घेऊन केलेली शिफारस उघडपणे तशी सांगावी, हे तत्त्व बहुतेक ठिकाणी मान्य झाले आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ मध्ये सुधारलेली मार्गदर्शक तत्त्वे (अंमल १ डिसेंबरपासून) ब्लॉगलेखकांना लागू केली. भारतात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीची तत्त्वे जून २०२२ मध्ये आणि प्रभावकांसाठीच्या (इन्फ्लुएन्सर) सूचना जानेवारी २०२३ मध्ये आल्या. फुकट मिळालेली वस्तू हाही मोबदलाच. खोट्या अभिप्रायांविरुद्धचे नियम युरोपीय संघात मे २०२२ पासून व अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहेत. स्वतःच्या कामावर नातेवाइकांकरवी पाच तारे लिहून घेणे हेही नाते दडवले तर आक्षेपार्ह ठरू शकते. चित्रफितीखाली लोकप्रिय गाणे लावण्याची जी मुभा वैयक्तिक खात्याला असते ती व्यावसायिक खात्याला बहुधा नसते; चित्रफितीचा आवाज अचानक बंद झाला की बहुतेकांना हे प्रथम कळते.