चूक कोणाची? अपघात-भरपाईच्या कायद्यामागची गोष्ट

पाय मोडला की दुखणे सगळ्यांचे सारखेच. पण ठाण्यात तो पाय मुंब्र्याच्या वळणावर लोकलमधून पडून मोडला, घोडबंदर रोडवर ट्रकने उडवल्याने मोडला की वागळे इस्टेटमध्ये प्रेसखाली सापडून, यावर पुढचे सगळे ठरते. अर्ज कुठे करायचा, काय सिद्ध करायचे, मुदत किती, सगळेच बदलते. हॉस्पिटलच्या बाकावर बसलेले नातेवाईक विचारतात, ‘केस कुठे टाकायची?’ या साध्या प्रश्नाला सरळ उत्तर नाही, कारण हे कायदे एकदम आले नाहीत. एकेका अपघातामागून एकेक येत गेले.

सुरुवात ठाण्यापासूनच करता येते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी ठाण्याला पोहोचली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८५५ मध्ये, इंग्लंडमधल्या १८४६ च्या कायद्याच्या धर्तीवर इथे प्राणघातक अपघातांचा कायदा झाला. तोवर इंग्रजी कायद्याचा दंडक असा होता की माणूस गेला की त्याचा दावाही त्याच्याबरोबर गेला. जखमी होऊन जगलेला माणूस कोर्टात जाऊ शकत असे, मेलेल्याच्या बायकामुलांच्या हाती मात्र काही नसे. १८५५ च्या कायद्याने नवरा-बायको, आईवडील आणि मुले यांना भरपाई मागण्याचा हक्क दिला. पण समोरच्याची चूक सिद्ध करण्याचे ओझे त्यांच्याच डोक्यावर राहिले. घरातला कमावता माणूस गेलेला, आणि पुरावे त्याच्या विधवेने गोळा करायचे.

हे ओझे पहिल्यांदा हलके झाले ते कामगारांसाठी. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने ‘मालकाची चूक होती का’ हा प्रश्नच बाजूला ठेवला. इजा कामामुळे आणि काम करताना झाली, एवढे दाखवले की पुरे. मृत्यू झाला तर मासिक वेतनाच्या ५० टक्के आणि कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर ६० टक्के धरून, त्याला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणायचे. ठाणे-बेलापूर पट्ट्यासाठी सगळ्यात मोलाची तरतूद ठेकेदारीची आहे: कामगार ठेकेदाराचा असला तरी मूळ मालक सुटत नाही. ‘तो आमच्या पेरोलवर नाही’ हे गेटवर मिळणारे उत्तर कायद्यापुढे टिकत नाही. ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचा, विमा असलेल्या कामगाराची वाट मात्र वेगळी. त्याला लाभ ईएसआयकडूनच मिळतात, मालकावर वेगळा भरपाईचा दावा लावता येत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कामगार नुकसानभरपाईचा आणि ईएसआयचा असे दोन्ही कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत आले आहेत.

कामावर जाता-येता झालेल्या अपघाताचे काय, हा वाद कित्येक वर्षे चालला. २००३ मध्ये मराठवाड्यातल्या एका साखर कारखान्याचा वॉचमन पहाटे ३ च्या पाळीला निघाला आणि वाटेतच अपघातात गेला. सुप्रीम कोर्टाने त्याच्या कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला तो २०२५ मध्ये. ही मधली २२ वर्षे त्या घराने कशी काढली असतील, हा विचार मला अस्वस्थ करतो.

रस्त्यावरच्या अपघातांसाठी वेगळी न्यायाधिकरणे नेमण्याची सोय मोटार वाहन कायद्याच्या १९५६ च्या दुरुस्तीने झाली. ठाणे कोर्टात ज्याला सगळे ‘एमएसीटी’ (मोटार अपघात दावा न्यायाधिकरण) म्हणतात, त्याचे मूळ तिथे आहे. पण चूक सिद्ध करण्याची अट कायम होती. धडक देऊन पळून गेलेल्या गाडीची चूक कोण सिद्ध करणार? १९८२ मध्ये पहिल्यांदा चूक न दाखवताही काही रक्कम देण्याची तरतूद आली: मृत्यूला १५,००० आणि कायमच्या अपंगत्वाला ७,५०० रुपये. २०१९ च्या दुरुस्तीने ती रक्कम मृत्यूला ५ लाख आणि गंभीर इजेला अडीच लाख झाली. गाडी सापडलीच नाही, तर अनुक्रमे २ लाख आणि ५०,००० रुपये मिळतात. पूर्ण भरपाई हवी असेल तर मात्र आजही निष्काळजीपणा दाखवावा लागतो.

त्या पूर्ण भरपाईचा हिशेब कसा करायचा, हे सुप्रीम कोर्टाच्या २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात फार माणुसकीने सांगितले आहे. डॉक्टरांच्या दाखल्यावरची टक्केवारी आणि कमाईचे नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डावा हात गेला तर सरकारी कारकुनाची नोकरी कदाचित टिकेल. ड्रायव्हरची किंवा सुताराची कमाई जवळजवळ पूर्ण बुडते. वाशीच्या मार्केटमध्ये गोण्या वाहणाऱ्या माथाडीच्या दाखल्यावर ४० टक्के लिहिले असेल, पण पाठच गेली तर त्याचे शंभर टक्के गेले. म्हणूनच तो काय काम करत होता याचा पुरावा अपंगत्वाच्या दाखल्याइतकाच महत्त्वाचा.

२०१९ च्या दुरुस्तीने एक अडचणही आणली. अर्जासाठी सहा महिन्यांची मुदत घातली, जी १९९४ मध्ये काढून टाकली होती. तिला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेले आहे, पण निकालाच्या भरवशावर कोणी थांबू नये. अर्ज राहत्या ठिकाणच्या न्यायाधिकरणातही करता येतो. अपघात खोपोलीजवळ झाला म्हणून ऐरोलीच्या माणसाने तिकडे खेटे घालायची गरज नाही.

रेल्वे अपघाताच्या भरपाईचे पैसे जुन्या कायद्यात गाड्यांची टक्कर झाली किंवा गाडी रुळावरून घसरली तरच मिळत. गर्दीमुळे दारातून पडणारा प्रवासी त्यात बसतच नव्हता. तो बसला १९९४ मध्ये. २००८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितले की गाडीत चढताना पडलेल्यालाही भरपाई मिळेल, त्याची चूक शोधत बसायचे नाही. २०१८ च्या निकालाने तिकीट सापडले नाही एवढ्यावरून दावा फेटाळणे बंद केले. ते होणे गरजेचेच होते, कारण रुळांवर पडलेल्या माणसाचे पाकीट आणि पास बऱ्याचदा जागेवर राहत नाहीत. १ जानेवारी २०१७ पासून मृत्यूची भरपाई ८ लाख आहे. अर्ज मुंबईच्या रेल्वे दावा न्यायाधिकरणात, एका वर्षाच्या आत. रूळ ओलांडताना झालेला अपघात मात्र यात येत नाही.

सगळ्यात नवे दार उघडले ते खड्ड्यांचे. १३ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला: खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर ६ लाख, इजा झाली तर ५०,००० ते अडीच लाख रुपये द्यायचे. महापालिका हद्दीत रक्कम ठरवायला आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती असते. या दाव्यात खड्ड्याचा फोटो त्याच दिवशी काढलेला बरा. अपघात झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे खडी आणि डांबर पडलेले असते.