पेटंटचं अपील थांबवायचं की चालवायचं? एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

कुडाळ एमआयडीसीत काजू फोडायची यंत्रं बनवणारे एक ओळखीचे मिस्त्री आहेत. गेल्या हंगामात त्यांच्या शेडमध्ये गेलो, तेव्हा पात्यांचा जोड उघडून ठेवलेला होता आणि पोलादावर चिकाचे काळे डाग होते. त्यांच्यावर पेटंटभंगाचा दावा लागला होता. "दुसऱ्या एका कारखानदाराने त्याच पेटंटवर पेटंट ऑफिसात हरकत घेतलीय. मग आमचा दावा आपोआप थांबेल ना?"

प्रश्न जुनाच: त्याच पेटंटवर पेटंट कार्यालयातही वाद चालू असेल, तर न्यायालयातला दावा किंवा अपील थांबवायचं का? आपोआप थांबत नाही. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १२४ मध्ये अशी स्थगिती लिहूनच ठेवली आहे, पेटंट कायद्यात नाही. तिथे न्यायालय प्रकरण बघून ठरवतं.

पेटंट मंजूर झाल्यावरही हरकत घ्यायची सोय आपल्याकडे २००५ च्या दुरुस्तीने आली. मंजुरी प्रसिद्ध झाल्यापासून वर्षभराची मुदत. दुसरीकडे पेटंटवाला जिल्हा न्यायालयात, म्हणजे आमच्याकडे ओरोसला, दावा लावू शकतो. 'हे पेटंटच रद्द करा' असा प्रतिदावा आला, की प्रकरण हायकोर्टात जातं. पवनचक्क्यांच्या पेटंटवरून झालेल्या वॉबेन खटल्यात सुप्रीम कोर्टाने २ जून २०१४ रोजी सांगितलं, की हरकत घेणाऱ्याने पुन्हा रद्दीचा अर्ज किंवा प्रतिदावा करायचा नाही, एकच वाट धरायची. पण हे बंधन हरकत घेणाऱ्यापुरतं. ती तिसऱ्याने घेतली असेल, तर दोन्ही कामं शेजारी शेजारी चालूच राहतात. २०२१ मध्ये बौद्धिक संपदा अपील मंडळ बंद झालं आणि पेटंट कार्यालयाच्या निकालावरची अपिलंही हायकोर्टात आली.

परदेशात या घोळाची किंमत फार मोठी पडली. अमेरिकेत ब्लॅकबेरी फोनच्या खटल्यात पेटंट कार्यालयाची फेरतपासणी चालू असूनही न्यायालय थांबलं नाही, आणि २००६ मध्ये कंपनीने ६१ कोटी २५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. फ्रेझेनियस विरुद्ध बॅक्सटरमध्ये नेमकं उलट झालं. डायलिसिस यंत्राचं पेटंट न्यायालयाने वैध मानलं, भरपाईही ठरली, पण अपील मिटायच्या आत पेटंट कार्यालयाने पेटंटमधले तेच हक्काचे मुद्दे रद्द केले. २०१३ मध्ये भरपाई शून्यावर आली. शेवटचा निकाल आधी कुठून येतो, एवढ्यावर सगळं फिरलं.

त्याच वर्षी लंडनलाही हाच धडा मिळाला. विमानातल्या झोपायच्या आसनाच्या पेटंटवर व्हर्जिन अटलांटिक अपिलात जिंकली होती. मग युरोपीय पेटंट कार्यालयाने पेटंटमधले वादातले मुद्देच वगळले आणि ४ कोटी ९० लाख पौंडांहून मोठी भरपाईची मागणी सुप्रीम कोर्टाने फेटाळली. स्थगितीचे निकष पुन्हा तपासा, असंही न्यायमूर्ती सम्प्शन यांनी सुचवलं.

मला वाटतं, पेटंट कार्यालयाचा निकाल जवळ आला असेल तर न्यायालयातल्या दाव्याने किंवा अपिलाने थांबावं. मनाईहुकूम, म्हणजे माल बनवायला-विकायला न्यायालयाची बंदी, मात्र वेगळा तपासायला हवा, कारण पेटंटची २० वर्षं थांबत नाहीत आणि काजूचा हंगामही मे संपेपर्यंतच. मिस्त्रींना मी एवढंच म्हटलं: वकिलांना स्थगितीचा वेगळा अर्ज करायला सांगा, आणि हरकतीच्या सुनावणीची तारीख त्यासोबत जोडा.