सहभागप्रेरक कर्मचारी पुरस्कार (सामुदायिक महाविद्यालयांतील)

अमेरिकेतील दोन वर्षांच्या सार्वजनिक, म्हणजेच सामुदायिक महाविद्यालयांत, विद्यार्थ्यांना अभ्यासात व महाविद्यालयीन जीवनात सामावून घेणाऱ्या अध्यापक आणि अध्यापकेतर कर्मचाऱ्यांचा गौरव करण्याची प्रथा. येथील विद्यार्थी बहुधा घरून ये-जा करणारे व नोकरी सांभाळून शिकणारे असतात. वसतिगृहातल्या सहवासाची संधी त्यांना क्वचितच मिळते. वर्ग, ग्रंथालय, प्रवेशाची खिडकी आणि समुपदेशन कक्ष एवढ्याच ठिकाणी त्यांची संस्थेशी गाठ पडते. म्हणून लिपिक, ग्रंथपाल व समुपदेशक यांनाही पुरस्कारास पात्र मानणे उचितच होय.

‘सहभाग’ या संकल्पनेच्या उगमाबद्दल एकमत नाही. एक मत तिचे श्रेय उच्च शिक्षणाचे अभ्यासक अलेक्झांडर ॲस्टिन यांना देते. विद्यार्थी शिक्षणात जी शारीरिक व मानसिक शक्ती ओततो ती म्हणजे सहभाग, अशी मांडणी त्यांनी 1984 मध्ये केली. दुसरे मत याच क्षेत्रातील सी. रॉबर्ट पेस यांच्याकडे बोट दाखवते. ‘प्रयत्नांची गुणवत्ता’ मोजणारी त्यांची प्रश्नावली 1979 मधील, म्हणजे आधीची आहे. व्हिन्सेंट टिंटो यांच्या 1975 मधील विवेचनात विद्यार्थी शिक्षण का सोडतो, याचा संबंध संस्थेत मिसळून जाण्याशी जोडला आहे. कालक्रमाने टिंटो व पेस आधीचे असले, तरी पुरस्कारांना ॲस्टिन यांची भूमिका अधिक लागू पडते. धोरणाचे मोल विद्यार्थ्याचा सहभाग ते किती वाढवते यावरून ठरवावे, असे त्यांनी स्पष्ट म्हटले आहे. चिकरिंग व गॅमसन या अभ्यासकांनी 1987 मध्ये मांडलेल्या, पदवीपूर्व शिक्षणातील चांगल्या पद्धतींच्या सात तत्त्वांत विद्यार्थी-अध्यापक संपर्काला पहिले स्थान मिळाले.

विद्यार्थ्यांचा सहभाग मोजणारे, सामुदायिक महाविद्यालयांपुरते स्वतंत्र सर्वेक्षण सुरू झाले ते 2001 च्या सुमारास, ऑस्टिन येथील टेक्सस विद्यापीठात. त्या सर्वेक्षणाचे पाच निकष असे: सक्रिय व सहकारी अध्ययन, विद्यार्थ्याचे प्रयत्न, अभ्यासाचे आव्हान, विद्यार्थी-अध्यापक संपर्क आणि विद्यार्थ्यांना मिळणारा आधार. शेवटच्या दोहोंचा संबंध कर्मचाऱ्यांच्या रोजच्या कामाशी थेट आहे.

त्याच विद्यापीठात 1978 मध्ये उभ्या राहिलेल्या ‘निसॉड’ या महाविद्यालयीन कर्मचारी व संस्था-विकासासाठीच्या राष्ट्रीय संस्थेचे उत्कृष्टता पुरस्कार विशेष प्रसिद्ध आहेत. 2012 मध्ये त्यांना जॉन व सुॲन राऊश यांचे नाव देण्यात आले. मानकऱ्यांची निवड सदस्य महाविद्यालये स्वतः करतात आणि त्यांना पदक दिले जाते.

पुरस्काराच्या परिणामाबद्दल सावधगिरी हवी. आवडीच्या कामाला बक्षिसाची अट घातली की आवड ओसरू शकते, असे डेसी (1971) आणि लेपर, ग्रीन व निस्बेट (1973) या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगांत दिसले. लेपर व सहकाऱ्यांच्या प्रयोगातील मुलांत अनपेक्षित बक्षिसाने मात्र तसे घडले नाही. म्हणूनच काम झाल्यावर, न मागता केलेला गौरव अधिक हितकर वाटतो. याहून मोठी अडचण पात्रतेची आहे. सामुदायिक महाविद्यालयांतील बहुसंख्य अध्यापक अर्धवेळ असतात. पात्रता पूर्णवेळ नोकरीशी बांधली, तर एकत्रितपणे बरेचसे वर्ग घेणारा हा गटच गौरवाबाहेर राहतो. तो अन्याय आहे.

भारतात या प्रथेशी तुलनीय म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचे पुरस्कार. 1969 मध्ये 37 विद्यापीठांत सुरू झालेल्या या योजनेत 1993-94 पासून कार्यक्रम अधिकाऱ्यांबरोबर स्वयंसेवक विद्यार्थ्यांचाही राष्ट्रीय पातळीवर सन्मान होतो.