टरफलाआडचा शेंगदाणा: साठवणीतल्या किडीची पार्श्वभूमी

पुण्यातल्या गिऱ्हाइकाच्या लेखी शेंगदाणा म्हणजे फोडून, निवडून पोत्यात भरलेला दाणा. एकादशीच्या तोंडावर तो गुलटेकडीच्या भुसार बाजारातून घरी येतो, उरलेला डब्यात राहतो आणि पावसाळ्यात जाळी धरतो. दोष डब्याला जातो.

साठवणीतल्या बहुतेक किडींना अखंड टरफल भेदता येत नाही. पिठातला तांबडा भुंगेरा, तांदळावरचा पतंग यांना फुटकी शेंग नाहीतर सोललेला दाणा लागतो. अपवाद चिंचेतल्या भुंगेऱ्याचा. तो टरफलावर अंडी चिकटवतो आणि अळी थेट आत शिरते. पश्चिम आफ्रिकेत भुईमुगाची मोठी कीड तीच. चिंच आणि शेंग एका गोदामात ठेवू नये, ते यासाठी.

१९६० साली इंग्लंडमध्ये लाखावर टर्की पक्षी मेले. कारण निघाले ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीतले बुरशीचे विष, अफलाटॉक्सिन. तोवर नुकसान म्हणजे वजनातली घट आणि खवटपणा. आता किडीचे छिद्र ही बुरशीचीही वाट ठरली. शिवाय किडींच्या श्वसनाने पोते गरम आणि दमट होते.

खरा वाद मात्र शेंग फोडण्याच्या रीतीचा. कडक वाळलेली शेंग यंत्रात घातली की दाणा फुटतो, पाकळ्या पडतात, भाव उतरतो. म्हणून आधी शेंगांवर पाणी मारण्याची पद्धत पडली. दाण्यात सातेक टक्क्यांवर ओलावा नको, असे अभ्यासक सांगत राहिले. व्यापाऱ्याची अडचण खोटी नाही, पाकळी झालेल्या दाण्याला कीडही लवकर लागते. पण भिजवलेला माल पुन्हा न वाळवता पोत्यात भरणे ही निव्वळ घाई, आणि ओल्या पोत्याला वजनही जास्त भरते हे सोयीस्करपणे विसरले जाते.

पुढे विषारी वायूंच्या धुरीवर भिस्त आली. ओझोनच्या थराला घातक म्हणून मिथाइल ब्रोमाइडचा सर्वसाधारण वापर विकसनशील देशांनी २०१५पर्यंत थांबवायचा होता. राहिले फॉस्फिन. त्याने किडे मरतात, बुरशीचे विष तसेच राहते. पोते उघडे पडले की कीड पुन्हा चढते. अलीकडच्या हवाबंद थैल्या म्हणजे दाण्याला नवे टरफलच, पण त्यांतही तो आधी वाळवूनच भरावा लागतो.