पुस्तक अदलाबदल (प्राथमिक शाळा)

वाचून झालेली पुस्तके मुलांनी घरून शाळेत आणायची आणि त्यांच्या बदल्यात इतरांनी आणलेली पुस्तके कायमची घरी न्यायची, असा शाळेच्या वाचनालयाचा उपक्रम. वाचनालयातून नेलेले पुस्तक परत करावे लागते, इथे नेलेले पुस्तक मुलाचे स्वतःचे होते.

शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) परिशिष्टात प्रत्येक शाळेत वाचनालय असावे आणि त्यात गोष्टींची पुस्तकेही असावीत, असे म्हटले आहे. प्राथमिक शाळेत मात्र वाचनालयाचे काम बहुधा एखाद्या वर्गशिक्षिकेकडेच असते. पुस्तके जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या मालकीच्या टिकाऊ वस्तूंच्या यादीत चढलेली. एखादे हरवले वा फाटले तर जाब त्यांनाच द्यावा लागणार. म्हणून कपाटाला कुलूप लागते. अदलाबदलीच्या पुस्तकांना हा धाक नसतो आणि या उपक्रमाचे खरे बळ तेच आहे. त्यासाठी ती वाचनालयाच्या पुस्तकांत मिसळू नयेत. शाळेचा शिक्का असलेले पुस्तक चुकून आले, तर ते आधी बाजूला काढावे.

पुस्तके आठवडाभर आधीपासून घ्यावीत आणि प्रत्येक पुस्तकामागे एक चिठ्ठी द्यावी. ठरल्या दिवशी एका चिठ्ठीवर एक पुस्तक. जाड-बारीक, नवे-जुने असा भाव ठरवू नये. मुलांना पातळ चित्रपुस्तक जाड पुस्तकाहून कमी वाटत नाही. मांडणी पहिली-दुसरी आणि तिसरी-चौथी अशी करतात, पण चौथीतले मूल पहिलीच्या टेबलाशी रेंगाळले तर त्याला हटकू नये. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक आणि मुलांचे दिवाळी अंकही चालतात. वापरलेल्या स्वाध्यायपुस्तिका आणि गाइडे घेऊ नयेत.

सगळ्यात नाजूक प्रश्न ज्याच्या घरी पुस्तकच नाही त्या मुलाचा. ऊसतोड किंवा वीटभट्टी कामगारांच्या मुलांकडून बदल्यात पुस्तक मागणे म्हणजे त्यांना दाराबाहेर ठेवणे. ‘गरिबांसाठी’ असा वेगळा ढीग तर मुळीच नको. पुस्तके लावायला, पुसायला, फाटकी पाने चिकटवायला मदत करणाऱ्या सगळ्यांनाच चिठ्ठ्या द्याव्यात. मग कोणाची चिठ्ठी पुस्तकाची आणि कोणाची कामाची, हे कोणाला कळत नाही. कामाच्या चिठ्ठ्यांमुळे चिठ्ठ्या पुस्तकांहून जास्त होतात, म्हणून शिक्षकांनी स्वतःची वीस-पंचवीस पुस्तके सुरुवातीलाच घालावीत. तसे केले नाही, तर शेवटच्या वर्गाच्या वाट्याला उरलेसुरलेच येते.

वाचन प्रेरणा दिन, म्हणजे डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची जयंती (१५ ऑक्टोबर), यासाठी सोयीचा. दिवाळीची सुट्टी बहुतेकदा त्याच सुमारास असते, त्यामुळे नेलेले पुस्तक वाचूनही होते.

उरलेल्यांतली धड पुस्तके मधल्या सुट्टीत हाताला येतील अशी व्हरांड्यातल्या उघड्या फळीवर ठेवतात. पार फाटलेली रद्दीत जातात.