काकांच्या केकवरचा सिंह

मोठ्या काकांचा जन्म १५ ऑगस्ट १९४७चा, भर दुपारी बाराचा. पंचाहत्तरीला नातवंडांनी केक आणला. त्यावर आयाळ पिंजारलेला सिंह आणि खाली क्रीमने लिहिलेलं, ‘सिंह राशीचा राजा, देशाचा जुळा भाऊ’. जुळा भाऊ कबूल. पण काकांची पत्रिका मी पाहिली आहे. पिवळी पडलेली गुंडाळी, कडेला हळदकुंकवाची बोटं, आणि आत स्वच्छ अक्षरात : रास कर्क, नक्षत्र पुष्य, चरण तिसरा, नावरस नाव होनाजी. त्या नावाने त्यांना घरात कुणी एकदाही हाक मारली नाही, ते सोडा. सिंह आला कुठून?

यातला सोपा भाग तुम्हाला ठाऊकच आहे. आपण ‘रास’ म्हणतो ती जन्मवेळच्या चंद्राची. इंग्रजी पेपरात तारखा देऊन छापतात ती सूर्याची. सूर्य एका राशीत महिनाभर राहतो, चंद्र जेमतेम सव्वादोन दिवस. म्हणून जन्ममहिन्यावरून आपली रास निघत नाही. त्याच आठवड्यात बघा : १४ ऑगस्टला सकाळी, माउंटबॅटन कराचीत भाषण करत होते त्या सुमारास जन्मलेलं मूल मिथुन राशीचं. काका कर्केचे. आणि १७ तारखेला, रॅडक्लिफने आखलेली सीमारेषा जाहीर झाली त्या दिवशी जन्मलेलं सिंहेचं. इंग्रजी पेपरच्या लेखी तिघंही सरसकट ‘लिओ’.

इथपर्यंत सगळे माना डोलावतात आणि मग म्हणतात, “म्हणजे काकांचा चंद्र कर्केत आणि सूर्य सिंहेत, एवढंच ना?”

नाही! घोळ इथेच आहे, आणि भले भले पत्रिकावाले मित्रही इथे घसरतात. काकांच्या पत्रिकेत रवीसुद्धा कर्केतच बसला आहे. चंद्र, रवी, बुध, शुक्र, शनी, पाच ग्रह एका घरात. सूर्य एकच, वेळ तीच, तरी एकाच्या मते तो सिंहेत आणि दुसऱ्याच्या मते कर्केत. कारण दोघांची मेष वेगवेगळ्या ठिकाणी सुरू होते.

पाश्चात्त्य पद्धत सायन. वसंतसंपात, म्हणजे २०-२१ मार्चला सूर्य विषुववृत्त ओलांडतो तो बिंदू, तिथे मेषेचा शून्य अंश. आपली निरयन. ती ताऱ्यांना धरून बसते. चित्रा ताऱ्याच्या बरोबर समोर मेषारंभ. हे दोन बिंदू इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात जवळपास एकत्र होते. पण पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, त्यामुळे संपात दर ७२ वर्षांना सुमारे एक अंश मागे सरकतो. आज हे अंतर, म्हणजे अयनांश, सुमारे २४ अंश आहे. रास ३० अंशांची. म्हणजे दर पाच माणसांतल्या चौघांचा पत्रिकेतला रवी पेपरातल्या राशीच्या एक घर मागे असतो. पेपरातला सिंह साधारण २३ जुलै ते २२ ऑगस्ट, पत्रिकेतला १७ ऑगस्ट ते १६ सप्टेंबर. दोन्हींकडून सिंह ठरायला त्या मधल्या पाच-सहा दिवसांत जन्मावं लागतं. काका दोन दिवसांनी चुकले.

हे अवघड वाटत असेल तर तिळगूळ आठवा. दिवस मोठा व्हायला लागतो २२ डिसेंबरच्या आसपास. ती सायन मकर. आपण हलवा वाटतो १४-१५ जानेवारीला, ती निरयन. ही संक्रांतही जागची हलते. विवेकानंद जन्मले त्या १८६३ साली ती १२ जानेवारीला होती. आणि माझ्या डोक्यात जाणारं वाक्य : “१४ जानेवारी १७६१, ऐन संक्रांतीला पानिपत झालं, म्हणून मराठ्यांवर संक्रांत आली.” अहो, त्या वर्षी सूर्य मकरेत गेला होता १० तारखेच्या सुमारास. भाऊसाहेब पौष शुद्ध अष्टमीला लढले, संक्रांतीला नव्हे. आजच्या कॅलेंडरची तारीख उचलून अडीचशे वर्षं मागे चिकटवली, की असं होतं.

अयनांश नेमका किती, यावर आपल्यातही जुनं भांडण आहे. टिळक पंचांगवाले मेषारंभ वेगळा धरतात, म्हणून त्यांची संक्रांत दिनदर्शिकेच्या चार-पाच दिवस आधी येते. मी चित्रापक्ष मानतो. तेरावी रास भुजंगधारी वगैरे फॉरवर्ड मी न वाचता पुसतो.

भविष्य खरं की खोटं, हा माझा विषय नाही. पण निदान ज्या मापाने कापड घेतलं त्याच मापाने शिवा. माझ्या मावसबहिणीचा जन्म एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातला. फोनवरच्या ॲपने तारखेवरून तिला मेष ठरवलं. मार्च २०२५मध्ये शनी मीनेत गेला आणि त्याच ॲपने ‘मेषेला साडेसाती सुरू’ असा इशारा पाठवला. साडेसाती चंद्रराशीवरून मोजतात, तिची तूळ. म्हणजे रास पाश्चात्त्यांची, शनी आपला. बाई सहा महिने दर शनिवारी मारुतीला तेल घालत होती. मारुतीचं काही बिघडलं नाही म्हणा.

काकांना हे सगळं समजावलं. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे पुढच्या वर्षी केकवर खेकडा? नको रे. खेकडा मला रश्शातच बरा.”